साथीचा अर्ज

हे कुणाला खरं वाटणार नाही, आणि वाटू नये अशीच माझी इच्छा आहे. खऱ्या वाटणाऱ्या गोष्टी कुणीही सांगतं. त्यासाठी माझ्याएवढं म्हातारं व्हावं लागत नाही. एका शहरात एक बाई शनिवारी संध्याकाळी गाणार होती, म्हणून आरोग्य खात्याने हॉलच्या दारावर नोटीस डकवली, दोन वादकांना उचलून इस्पितळात ठेवलं आणि एका वाद्याला अटक केली, असं मी म्हटलं की तुम्ही म्हणणार, म्हातारा आज जरा जास्तच ताणतोय. ताणत नाही. उलट बरंच गाळलंय.

माणूस होता वजनमापे खात्यातला निवृत्त निरीक्षक. पस्तीस वर्षं त्याने दुकानादुकानांतले तराजू तपासले. लोक त्याला तोंडावर काटासाहेब म्हणत, पाठीमागे नुसतंच काटा, आणि पाठ पुरती वळली की आणखीही काही. निवृत्त झाल्यावरही तो वाण्याकडे गेला की तराजूकडे असा रोखून बघे, की वाणी आपण होऊन चार दाणे जास्त टाकी. मग काटा ते चार दाणे परत काढायला लावी. अशा माणसाशी कोण मैत्री करणार? लग्नही झालं नाही. मापात कुणी बसलं नाही म्हणायचा. मुलींकडची मंडळी वेगळं सांगत.

तर हा काटा आणि त्याची थोरली बहीण, अक्का, असे दोघे तिसऱ्या मजल्यावरच्या तीन खोल्यांत राहत. अक्काचे यजमान, म्हणजे काट्याचे मेहुणे, अकॉर्डियन वाजवायचे. अक्का गायची. वीस वर्षं, दर शनिवारी, तळ्याकाठच्या जेवणाच्या क्लबात. लोक सूप प्यायचे, अक्का गायची, आणि काही गाण्यांना चमचे आपोआप थांबायचे. मेहुणे गेले आणि अक्का भावाकडे राहायला आली. येताना एक ट्रंक आणली, एक अकॉर्डियन आणलं, आणि गाणं मात्र कुठे ठेवून आली ते कुणाला कळलं नाही. गाणं तर राहिलंच, गुणगुणणंही बंद. घशाच्या डॉक्टरांनी तोंडात बॅटरी मारून पाहिलं आणि सांगितलं, घसा लख्ख आहे. मागच्या खोलीत खिडकी लावून बसायची. दिवसाला तिची तीन वाक्यं ठरलेली: चहा झालाय, दार ओढून घे, आणि राहू दे. त्यातलं 'राहू दे' सगळ्यांत जास्त. भाजी आणू का? राहू दे. दिवा लावू? राहू दे. तीन वर्षं झाली. काट्याला जगातल्या सगळ्या वस्तूंचं वजन करता येत होतं, पण संध्याकाळी सहानंतर त्या घरात जे साचून राही ते कुठल्या पारड्यात टाकायचं हे त्याला खात्याने शिकवलं नव्हतं.

आता क्लबाकडे वळतो. त्याचं खरं नाव 'सपर क्लब'. पाटीतला प कधीतरी गळाला आणि रंगाऱ्याने त्या जागी अंदाजाने फ रंगवला. तेव्हापासून दर सुट्टीत दोनचार कुटुंबं बॅगा घेऊन येत आणि गाडी कुठून सुटते ते विचारत. त्यांना जेवायला बसवून घेत, तेवढंच गिऱ्हाईक. कारण बाकी क्लब रिकामाच पडायचा. कमिटीने ठरवलं होतं, हॉल एका फ्रीजच्या व्यापाऱ्याला गोदाम म्हणून द्यायचा. पण क्लबाचे सेक्रेटरी दंतवैद्य होते, आणि दात काढण्याआधी एकदा भरून बघावा अशी त्यांना सवय. त्यांनी मुदत मागून घेतली आणि विषयवार संध्याकाळी सुरू केल्या.

पहिली समुद्रकिनाऱ्याची. हॉलमध्ये ट्रकभर वाळू ओतली. ती पुढे तीन महिने सुपात निघत होती. दुसरी मौनसंध्या: जेवताना कुणी चकार शब्द बोलायचा नाही. दोन जोडपी आली आणि घरच्यासारखं वाटलं म्हणून लवकर निघून गेली. तिसरी अंधारातल्या जेवणाची. एका गृहस्थांनी तासभर बायकोचा म्हणून जो हात हातात धरून ठेवला, तो दिवे लागल्यावर सेक्रेटरींचा निघाला. सेक्रेटरी सांगत होते की मी दोनदा खोकलो, पण त्यांनी आणखी घट्ट धरला.

कमिटी म्हणाली, बस. आणखी एक शनिवार, हॉल भरला तर ठीक, नाहीतर फ्रीज.

हे काट्याच्या कानावर गेलं आणि त्याने आयुष्यात पहिल्यांदा न मोजता एक गोष्ट केली. सेक्रेटरींकडे जाऊन सांगितलं, शेवटचा विषय 'जुना शनिवार' ठेवा. जुने कपडे, जुनी जेवणाची पाटी, आणि अक्का गाईल. सेक्रेटरींनी चष्मा काढून विचारलं, त्या हो म्हणाल्या? काटा म्हणाला, म्हणाल्या. इथे त्याने पस्तीस वर्षांच्या नोकरीनंतरचं पहिलं खोटं माप दिलं.

घरी येऊन अक्काला सांगितलं. अक्का म्हणाली, राहू दे. दुसऱ्या दिवशी सांगितलं. राहू दे. तिसऱ्या दिवशी त्याने विषय काढला नाही, नुसता चहा पीत बसला. अक्का उठली, कपाटातून अकॉर्डियन काढलं, फडक्याने पुसलं आणि टेबलावर ठेवलं.

"ह्याला कोण वाजवणार?" ती म्हणाली. "साथीशिवाय मी उभी राहणार नाही."

तीन वर्षांत एवढं मोठं वाक्य त्या घरात झालं नव्हतं. काट्याने कप बशीत ठेवला तो बशीबाहेर पडला.

साथीला माणसं होती. कोपऱ्यावरचा घड्याळजी मेहुण्यांकडेच अकॉर्डियन शिकला होता, आणि एक निवृत्त पोस्टमन डबल बास वाजवायचा. हे तंतुवाद्य माणसाएवढं उंच; पोस्टमन स्वतः जरा कमी पडायचा, त्यामुळे लांबून बघणाऱ्याला बासच पोस्टमनला वाजवतोय असं वाटे. दोघे मंगळवारी आले. मागच्या खोलीची खिडकी उघडली गेली. अक्काने आवाज लावला नाही, नुसती बोटाने टेबलावर ताल धरून बसली, आणि घड्याळजी चुकला तिथे 'हं' म्हणाली. त्या 'हं'साठी काटा स्वयंपाकघरात उभा राहून भांड्यांचा आवाज न करता भांडी घासत होता.

आणि मग परवाना आला. म्हणजे आला नाही, काढायचा आला. हॉलमध्ये वाद्यं वाजवायची तर पालिकेचा परवाना लागतो. काटा अर्ज स्वतः लिहिणार होता, पण वरच्या मजल्यावरच्या वकिलांनी जिन्यात गाठलं. ह्या वकिलांची वकिली कधी चालली नाही, त्यामुळे त्यांची भाषा अगदी कोरी करकरीत राहिली होती. ते म्हणाले, अर्ज असा हवा की पुढे कुणाला शंका विचारायला जागाच राहू नये. आणि त्यांनी लिहिला. त्याची नक्कल मी स्वतः पाहिली आहे:

'सदर कार्यक्रमात गायिकेस दोन इसमांची साथ असून, सदर साथ शनिवारी सायंकाळी सात ते दहा या वेळेत हॉलमध्ये राहील. साथ शेवटच्या रांगेतील इसमापर्यंत विनाअडथळा पोहोचेल याची संपूर्ण दक्षता घेण्यात येईल. प्रतिसाद उत्तम आल्यास साथ दर शनिवारी चालू ठेवण्याचा मानस आहे.'

काट्याने वाचलं. वजनाला बरोबर वाटलं. सही केली.

पालिकेच्या आवक खिडकीवरच्या कारकुनाला रोज चारशे अर्ज यायचे. तो अर्ज वाचत नसे, चाळत असे. डोळ्याला जो शब्द तीनदा लागेल त्या खात्याच्या खणात कागद. 'पाणी' तीनदा आलं की पाणीखातं, 'झाड' तीनदा आलं की उद्यानखातं. ह्या अर्जात 'साथ' चारदा होती. कागद आरोग्य खात्याच्या खणात पडला, आणि तिथल्या अधिकाऱ्याने तो वाचून, असं म्हणतात, आधी खिडकी बंद केली.

गुरुवारी सकाळी दाराची घंटा वाजली. दारात आरोग्य निरीक्षक, तोंडाला पट्टी, हातात फळी, फळीला फॉर्म. काटा खूश झाला. इतक्या तत्परतेने घरी येऊन चौकशी करणारं खातं त्याने स्वतःच्या नोकरीतही पाहिलं नव्हतं. खुर्ची दिली. निरीक्षक बसला नाही, भिंतीलाही टेकला नाही.

"साथ कधीपासून आहे?" त्याने विचारलं.

"तशी वीसबावीस वर्षांची. मध्ये तीन वर्षं खंड पडला. आता पुन्हा सुरू केलीय."

निरीक्षकाने पेन थांबवलं. "सुरू केली? कुणी?"

"मीच पुढाकार घेतला," काटा जरा लाजून म्हणाला. "मूळ आमच्या मेहुण्यांची. ते त्यातच गेले म्हणायचं. शेवटच्या दिवसापर्यंत सोडली नाही."

"सध्या किती जण?"

"दोघं. वयस्कर आहेत, पण जोर आहे अजून."

"प्रकार?"

"एक अकॉर्डियन. आणि एक डबल बास."

निरीक्षकाने दोन्ही शब्द जपून उतरवून घेतले. पहिला त्याने ऐकला नव्हता, आणि दुसऱ्यातल्या 'डबल'खाली रेघ मारली. मग आवाज खाली आणून विचारलं, तुम्हाला स्वतःला? काटा म्हणाला, छे हो, लहानपणी फार प्रयत्न केला, पण माझ्या अंगात काही उतरली नाही. बहिणीला विचाराल तर तिचं साथीशिवाय पानही हलत नाही.

हे ऐकायला समोरच्या नर्सबाई दार किलकिलं करून उभ्याच होत्या. ह्या बाई निवृत्त होऊन दहा वर्षं झाली तरी जिन्यात भेटणाऱ्याची नाडी बघायच्या. पट्टी बांधलेला सरकारी माणूस दिसल्यावर त्यांना राहवेना. त्या पुढे झाल्या आणि अक्काची हकिकत त्यांनी ज्या काळजीने, ज्या तपशिलाने सांगितली, तशी सांगायला सख्ख्या भावालाही जमली नसती. तीन वर्षं बोलत नाही. खात नाही. अंधारात बसते. खिडकी उघडू देत नाही. निरीक्षक लिहीत गेला. फॉर्मवर रकाना होता, 'लक्षणे'. त्यात त्याने लिहिलं: मौन.

काट्याने तो शब्द उलटा वाचला. खात्यातल्या माणसाला समोरच्याचा कागद उलटा वाचता येतोच. आणि तेव्हा कुठे त्याच्या डोक्यात उजेड पडला की हा माणूस परवान्याचा नाही. त्याने घाईघाईने खुलासा सुरू केला. साथ म्हणजे ती साथ नव्हे, ही साथ. निरीक्षकाने मान हलवली. त्याच्या अनुभवात प्रत्येकच जण आधी असं म्हणतो.

दुपारी गाडी आली. घड्याळजीला दुकानातून उचललं. त्याच्या डोळ्याला भिंग तसंच होतं. पोस्टमन वाटेतच भेटला. दोघांना वेगळ्या वॉर्डात चौदा दिवस ठेवायचा हुकूम निघाला. पोस्टमनने बास बरोबर नेण्याचा आग्रह धरला, तर शिपायांनी बासलाच एक खाट दिली. पोस्टमनची काही तक्रार नव्हती असं कळतं. चौथ्या मजल्यापर्यंत पत्रं वाहिलेला माणूस. त्याला कुणी खाटेवर आणून सूप देतंय, हेच त्याला कळेना. काट्याने खिडकीखालून ओरडून सांगितलं की दोन दिवसांत सोडवतो, तर तो वरून म्हणाला, सावकाश होऊ द्या.

ह्याला मी विनोद म्हणत नाही, आणि तुम्हीही हसू नका, कारण त्याच संध्याकाळी ते अकॉर्डियन न्यायला आले. घड्याळजी रोज सरावाला अक्काकडेच यायचा, तेव्हा वाद्य टेबलावर होतं. दोन माणसं हातमोजे घालून आली. त्यांनी ते पारदर्शक पिशवीत घातलं, पिशवीचं तोंड बांधलं, चिठ्ठी चिकटवली: बाधित वस्तू. उचलताना भाता जरा उघडला आणि पिशवीत एक सूर निघाला, लांब, दमेकऱ्यासारखा. अक्का दारात उभी होती. काट्याने तिच्याकडे पाहिलं नाही. पाहायची छाती झाली नाही.

"राहू दे," अक्का म्हणाली, आणि मागची खिडकी लावल्याचा आवाज आला.

त्या रात्री काट्याला झोप लागली नाही म्हणण्यात अर्थ नाही. पस्तीस वर्षांत त्याने शेकडो लबाड तराजू जप्त केले होते, अशाच पिशव्यांत, अशाच चिठ्ठ्या लावून. एकाही दुकानदाराच्या दारात कोण उभं आहे ते बघायचं त्याला सुचलं नव्हतं.

शुक्रवारी सकाळी वकिलांनी दुसरा अर्ज दिला. एकच वाक्य: 'सदर हॉलमध्ये कोणत्याही प्रकारची साथ नाही.' काटा तो घेऊन, ह्या वेळी आवक खिडकी टाळून, थेट परवाना खात्यात गेला. तिथल्या बाईंनी दोन्ही अर्ज शेजारी शेजारी ठेवले. पहिल्यात साथ आहे, दुसऱ्यात नाही. विसंगती आहे, म्हणाल्या. साथ नाही तर वादक कशाला, आणि वादक नाहीत तर वाद्यवादनाचा परवाना कशाला? काटा म्हणाला, बाई, साथ आहे, पण ती रोगाची नाही. बाई म्हणाल्या, मग तसं आरोग्य खात्याने लिहून द्यावं. आरोग्य खातं म्हणालं, आम्ही साथ नसल्याचा दाखला देत नाही, आटोक्यात आल्याचा देतो. आणि आटोक्यात यायची तर आधी ती असायला हवी. तेव्हा ती होती असं मान्य करून इथे सही करा.

काट्याने सही केली. आपली बहीण, आपले दिवंगत मेहुणे, एक घड्याळजी आणि एक पोस्टमन मिळून शहरात साथ पसरवत होते, ह्या मजकुराखाली वजनमापे खात्याच्या निवृत्त निरीक्षकाने आपल्या वळणदार अक्षरात सही केली. बाहेर येऊन पायरीवर बसला. एक ओळखीचा वाणी तिथून चालला होता. त्याने काट्याला बघितलं, थांबला आणि पाण्याची बाटली पुढे केली. काट्याने बाटली भरलेली आहे की कमी, हे बघितलं नाही, एवढ्यावरून त्याची अवस्था ओळखा.

दाखला शनिवारी दुपारी बारा वाजता मिळाला. पण हॉलच्या दारावर लावलेली 'येथे साथ आहे, आत जाऊ नये' ही नोटीस ज्या विभागाने डकवली त्यालाच काढता येते, आणि तो विभाग शनिवारी बंद. वादकांचे चौदा दिवस ज्या रजिस्टरवर लिहिलेले, ते रजिस्टर कुलपात. सुरू होती ती फक्त फवारणी, कारण ती आधीच वेळापत्रकात लागली होती. संध्याकाळी सहा वाजता दोन माणसं पाठीला टाक्या लावून हॉलमध्ये शिरली आणि मांडलेल्या टेबलांवरून, घडी केलेल्या रुमालांवरून, सेक्रेटरींच्या जुन्या सुटावरून त्यांनी पांढरा धूर सोडला. सेक्रेटरी हलले नाहीत. ते म्हणाले, सोडा, ह्याहून वाईट वास माझ्या दवाखान्यात असतो.

काट्याने घरी जाऊन मागच्या खोलीच्या दारावर टकटक केली. सांगायचं होतं की अक्का, रद्द झालं, माझंच चुकलं. दार उघडलं तर अक्का निळी साडी नेसून उभी. जुन्या शनिवारची. चपला घालत म्हणाली, उशीर होतोय.

आणि मंडळी, इथून पुढचं तर तुम्हाला मुळीच पटणार नाही. दोघं तळ्याकाठी वळले तर काय, रस्ता माणसांनी फुललेला. अख्ख्या शहराला कळलं होतं की साथ म्हणजे कसली साथ, आणि लोक हसत हसत, जुन्या टोप्या घालून, आजीच्या बांगड्या घालून आलेले. एकशे चाळीस खुर्च्या भरल्या, खिडक्यांत माणसं, जिन्यावर माणसं. आरोग्य निरीक्षक स्वतः अकॉर्डियन काखेत घेऊन आला, पिशवी स्वतःच्या हाताने फाडली. घड्याळजी आला, पोस्टमन बासच्या आडून आला. सूप वाढलं गेलं, अक्का उभी राहिली, पहिला सूर लागला, आणि एकशे चाळीस चमचे एकदम थांबले. गाणं संपल्यावर लोक उठेचनात. कमिटीने फ्रीजवाल्याला तिथल्या तिथे नकार कळवला. आजही दर शनिवारी…

"काहीतरी सांगू नकोस," दाराशी लोकरीचा गुंडा करत बसलेली अक्का म्हणाली. इतका वेळ तिने मान वर केली नव्हती. "चार माणसं होती. एक दंतवैद्य, दोन फवारणीवाले, आणि एक जण बॅग घेऊन आलेला. अकॉर्डियन अजून त्या पिशवीतच आहे, सरकारी कपाटात. हॉलमध्ये आता फ्रीज आहेत, म्हणून तर तू तळ्याकडच्या रस्त्याने जात नाहीस. आणि साथीला कुणी आलं नव्हतं. तूच बसला होतास शेजारी, बशीवर चमचा घेऊन. पहिली दोन कडवी बरी वाजवलीस. तिसऱ्याला ताल सोडून नाक पुसत बसलास, मला एकटीला संपवावं लागलं."